बेटावरचे पाहुणे आणि मागे राहिलेल्या बायका

मराठी वाचकाला परदेशाची प्रवासवर्णने नवी नाहीत. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली आली आणि प्रवासवर्णन हा मराठी घरांतून हमखास वाचला जाणारा साहित्यप्रकार झाला. पुढे मीना प्रभु यांच्या 'ग्रीकांजली' आणि 'तुर्कनामा' या पुस्तकांमुळे एजियन समुद्राचे दोन्ही काठ मराठीत आले. असे असले तरी प्रवासवर्णनाची आपली समीक्षा फारशी पुढे सरकलेली नाही. शैली प्रसन्न आहे, माहिती भरपूर आहे, विनोद निर्मळ आहे, एवढे म्हटले की समीक्षकाचे काम संपते. ज्या गावाविषयी लिहिले गेले त्या गावाच्या बाजूने पुस्तक वाचून पाहण्याची सवय आपल्याला नाही. पाहुण्याने काय पाहिले हे आपण तपासतो. तो कोणाच्या ओट्यावर बसून पाहतो, तिथे त्याला का बसू दिले जाते आणि त्याच्या तिथे राहण्याची किंमत कोण चुकवते, हे प्रश्न मात्र राहून जातात.

हे प्रश्न विचारता यावेत म्हणून प्रस्तुत लेखात एका ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या पुस्तकांचा विचार केला आहे. शार्मियन क्लिफ्ट (१९२३-१९६९) आणि जॉर्ज जॉन्स्टन (१९१२-१९७०) हे पती-पत्नी १९५४ च्या अखेरीस लंडन सोडून कालिम्नोस या ग्रीक बेटावर राहायला गेले. तिथून १९५५ साली ते हायड्रा बेटावर गेले आणि १९६४ पर्यंत तिथेच राहिले. कालिम्नोसच्या वास्तव्यावर क्लिफ्टने 'मर्मेड सिंगिंग' (१९५६) आणि हायड्राच्या वास्तव्यावर 'पील मी अ लोटस' (१९५९) ही दोन पुस्तके लिहिली. २०२१ साली ती इंग्लंडमध्ये पुन्हा छापली गेली आणि नव्या पिढीने ती वाचली. आपल्या वाचकांनी ती का वाचावीत, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

जोडपे आणि त्यांची वाट

क्लिफ्ट ही मूळची समुद्रकाठची मुलगी. न्यू साउथ वेल्समधील कायामा या छोट्या गावी तिचा जन्म झाला. वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. जॉन्स्टन मेलबर्नचा, दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेला वार्ताहर. मेलबर्नच्या 'आर्गस' या वृत्तपत्रात दोघांची गाठ पडली. तो विवाहित होता, त्यामुळे बभ्रा झाला आणि दोघांनाही तिथून बाहेर पडावे लागले. १९४७ साली त्यांनी लग्न केले. दोघांनी मिळून लिहिलेल्या 'हाय व्हॅली' या कादंबरीला 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'चे मोठे बक्षीस मिळाले. १९५१ पासून जॉन्स्टन लंडनला एका ऑस्ट्रेलियन वृत्तसंस्थेचे कार्यालय सांभाळत होता. पगार चांगला होता, घर चांगले होते. ते सगळे सोडून, दोन लहान मुलांना घेऊन हे जोडपे एका खडकाळ बेटावर गेले.

कालिम्नोसचे नाव त्यांच्या कानी आले त्यालाही कारण होते. हे बेट स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे. स्पंज म्हणजे समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून वाढणारा जीव. त्याचा सांगाडा धुऊन, वाळवून अंघोळीसाठी आणि साफसफाईसाठी विकला जाई. कृत्रिम स्पंज बाजारात आल्यावर हा धंदा खाली आला आणि बेटावर उपासमारीची पाळी आली. तेव्हा या पाणबुड्यांना ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या किनाऱ्यावर मोत्याचे शिंपले काढायला न्यावे अशी योजना निघाली. ही बातमी जॉन्स्टनने ऐकली आणि त्यात त्याला कादंबरीचा विषय दिसला. ती कादंबरी, 'द स्पंज डायव्हर्स', दोघांच्या नावाने प्रसिद्धही झाली.

इथे एक विसंगती आहे आणि ती पहिल्यापासून लक्षात ठेवली पाहिजे. ज्या ऑस्ट्रेलियातून हे जोडपे बाहेर पडले होते त्याच ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी कालिम्नोसचे लोक धडपडत होते. पाहुण्यांना बेटावरचा साधेपणा हवा होता, बेटावरच्यांना त्या साधेपणातून सुटका हवी होती. शिवाय त्या काळी ऑस्ट्रेलियाचे दार सर्वांना उघडे नव्हते. १९०१ च्या कायद्यापासून सुरू झालेले 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण १९७३ साली संपले. ग्रीक पाणबुड्या युरोपियन म्हणून आत जाऊ शके. रत्नागिरीकडचा खलाशी जहाजावरून सिडनीच्या धक्क्याला लागला तरी तिथे घर करण्याचा विचारही करू शकत नव्हता. समुद्र एकच होता, पण कोणाला कुठे उतरू द्यायचे हे कातडीच्या रंगावर ठरत होते.

उचल आणि सहा महिने

'मर्मेड सिंगिंग'चे खरे बळ त्यातल्या देखाव्यांत नाही. ते कालिम्नोसच्या जगण्याचे गणित नीट समजून घेण्यात आहे. ईस्टर झाले की स्पंजच्या बोटी बेट सोडत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, मुख्यतः लिबियाच्या पाण्याकडे निघत. त्या परतत शरद ऋतूत. म्हणजे वर्षातले सहा महिने, कधी त्याहून जास्त, गावातले कमावते पुरुष गावात नसत. निघण्यापूर्वी बोटीचा मालक पाणबुड्यांना आगाऊ रक्कम देई. आपल्याकडे ऊसतोडणी कामगाराला मुकादम जी उचल देतो तिच्यासारखीच ही उचल. तिच्यातून घरचे कर्ज फेडायचे, बायकोच्या हाती सहा महिन्यांचा खर्च ठेवायचा आणि उरलेली रक्कम जाण्यापूर्वीच्या दिवसांत मन मानेल तशी उडवायची. परत येऊ याची खात्री नसलेला माणूस पैसे जपून ठेवत नाही, हे क्लिफ्टला कळले आहे. म्हणून ती त्या उधळपट्टीवर नैतिक शेरे मारत नाही.

खात्री का नव्हती, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बेटांवर पाणबुड्याचा रबरी पोशाख आणि तांब्याचे शिरस्त्राण आले. वरून पंपाने हवा मिळू लागल्यामुळे माणूस वीस-तीस वाव खोल जाऊन बराच वेळ काम करू लागला. मात्र खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो हळूहळू बाहेर पडतो, घाईने वर आला तर त्याचे रक्तात आणि शरीराच्या पेशींत बुडबुडे होतात. मग माणूस मरतो किंवा जन्माचा पांगळा होतो. जास्त स्पंज म्हणजे जास्त पैसे, आणि उचल आधीच घेतलेली, म्हणून घाई होई. कालिम्नोसच्या रस्त्यांवर काठीच्या आधाराने पाय ओढत चालणारे तरुण पुरुष दिसत. या पांगळ्या पाणबुड्याच्या चालीवर बेटावर एक नाचही बेतला गेला असून आजही तो नाचला जातो. ज्या समाजाला आपल्या दुःखाचाही नाच करावा लागतो त्या समाजाकडे 'आनंदी, साधी माणसे' म्हणून पाहणे फार सोपे असते. क्लिफ्ट काही ठिकाणी या सोपेपणात अडकते. निळा समुद्र, पांढऱ्या भिंती, चिंध्या पांघरलेली देखणी मुले अशी चित्रे ती रंगवू लागली की दारिद्र्य सुंदर दिसू लागते. हा तिच्या लेखनाचा मोठा दोष आहे. परंतु बोटी निघून जातात आणि तिची लेखणी ताळ्यावर येते, कारण आता तिच्यासमोर बायका असतात.

दोन्ही दारे उघडी असलेली बाई

पुरुष गेले की कालिम्नोस बायकांचे गाव होई. घर मुलीच्या नावे करून देण्याची तिथे जुनी रीत. त्यामुळे घरे बायकांची, गल्ल्या आई-लेकींच्या आणि बहिणी-बहिणींच्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्त्रियांचे राज्य वाटावे. आत मात्र पाणी भरणे, दुकानदाराची उधारी सांभाळणे, आजारी मुले, म्हातारी सासू आणि दर हिवाळ्यानंतर वाढणारे पोट. सहा महिन्यांनी घरी आलेला नवरा पुन्हा निघून जाई आणि बायको गरोदर असे. क्लिफ्ट हे सगळे जवळून पाहते. तिच्याकडे घरकामाला येणाऱ्या आणि शेजारच्या बायकांच्या बोलण्यातून तिला कळते की मागे राहणे हेसुद्धा एक काम आहे, त्याला मजुरी नसली तरी.

तिला हे दिसू शकले यामागे एक साधे कारण आहे. बेटावरच्या बायका दारूच्या गुत्त्यात किंवा पुरुषांच्या कॉफीघरात बसत नसत. क्लिफ्ट मात्र नवऱ्याबरोबर तिथे बसे. परदेशी बाईला गावाने जणू पुरुषांत जमा केले होते. सकाळी तीच बाई शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून बाळंतपणाच्या गोष्टी ऐके. जॉन्स्टनला हे दुसरे दार बंद होते. जोडप्याच्या प्रवासात बायकोचे पुस्तक अनेकदा अधिक भरीव होते याचे कारण इथे सापडते. हा अनुभव नवाही नाही. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१७-१८ मध्ये तुर्कस्तानात राहिली. जनानखान्याविषयी पुरुष प्रवाशांनी लिहिलेल्या गोष्टी कल्पनेच्या होत्या, कारण त्यांनी आत पाऊलच टाकलेले नव्हते, हे तिने आपल्या पत्रांतून दाखवून दिले. मर्दाना आणि जनाना हे शब्द ज्या समाजाच्या रोजच्या बोलण्यात होते त्या समाजातील वाचकाला क्लिफ्टची ही दुहेरी ये-जा लगेच समजते.

पण या ये-जा करण्याच्या सवलतीची दुसरी बाजूही समीक्षकाने सांगितली पाहिजे. परदेशी बाई गुत्त्यात बसली म्हणून शेजारणीला तिथे बसता आले नाही. पाहुणीची मोकळीक ही पाहुणीपुरतीच होती. ती गावाची रीत मोडत नव्हती, तिला त्या रीतीतून फक्त सूट मिळाली होती. क्लिफ्टला याची जाणीव आहे आणि ती तसे लपवत नाही. मात्र ही सूट आपल्याला का मिळाली, आपल्या गोऱ्या रंगाला, पासपोर्टला आणि खिशातल्या पौंडांना त्यात किती वाटा होता, याची चर्चा 'मर्मेड सिंगिंग'मध्ये पुरेशी होत नाही. ती चर्चा दुसऱ्या पुस्तकात होते.

हायड्रा : स्वस्ताईचा हिशेब

'पील मी अ लोटस' हे १९५६ सालच्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंतच्या महिन्यांचे पुस्तक आहे. जोडप्याने हायड्रावर विहिरीजवळचे एक जुने घर विकत घेतले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे तिसरे मूल तिथेच जन्मले. पहिल्या पुस्तकात ती गावाकडे पाहते, दुसऱ्यात ती स्वतःकडे आणि स्वतःसारख्या परदेशी माणसांकडे पाहते. म्हणून दुसरे पुस्तक कमी गोड आहे आणि अधिक प्रामाणिक आहे.

हायड्रावर तेव्हा युरोप-अमेरिकेतले चित्रकार, लेखक आणि काहीच न करणारे लोक जमू लागले होते. स्वातंत्र्य हा त्या सगळ्यांचा आवडता शब्द. क्लिफ्ट त्यांच्या गप्पा ऐकते आणि हळूहळू तिच्या ध्यानात येते की या स्वातंत्र्याचा पाया स्वस्ताई आहे. मोलकरीण स्वस्त, मासळी स्वस्त, घर स्वस्त. म्हणून महान कादंबरी लिहिण्याच्या बाता मारत दिवस काढता येतात. ज्यांचे श्रम स्वस्त आहेत त्यांना हे स्वातंत्र्य कुठे आहे? आणि जे जोडपे या कलावंतांना नावे ठेवते ते तरी कशावर जगत होते? लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांकडून येणाऱ्या, कधी न येणाऱ्या चेकवर आणि बेटावरच्या किराणा दुकानदाराच्या उधारीवर. दुकानदाराच्या वहीत या कुटुंबाचे खाते वाढत जाई. जॉन्स्टनने पैशासाठी टोपणनावाने रहस्यकथाही लिहिल्या. परदेशी लेखकाला पोसणारा हा गावचा दुकानदार साहित्याच्या इतिहासात कुठेच नसतो. क्लिफ्टने त्याच्या दुकानाला पुस्तकात जागा दिली हे महत्त्वाचे आहे.

याच काळात 'बॉय ऑन अ डॉल्फिन' (१९५७) या हॉलिवूडच्या चित्रपटाचे चित्रीकरण सोफिया लोरेनला घेऊन हायड्रावर झाले. नंतर पर्यटकांची रीघ लागली. १९६० साली लेनर्ड कोहेन हा तरुण कॅनेडियन कवी तिथे आला, त्याला या जोडप्याने आधार दिला; पुढे तो जगप्रसिद्ध गायक झाला आणि बेट त्याच्याही नावावर विकले जाऊ लागले. गावाचे सौंदर्य पाहून जो पहिला पाहुणा त्याविषयी लिहितो तोच पुढच्या हजार पाहुण्यांना वाट दाखवतो. गाव बिघडले म्हणून तक्रार करण्याचा त्याचा अधिकार मग किती उरतो? क्लिफ्टने हा प्रश्न स्वतःला विचारला आहे असे पुस्तक वाचताना जाणवते. उत्तर तिला सापडलेले नाही आणि ते सापडल्याचा आवही तिने आणलेला नाही.

एक संसार, दोन लेखण्या

या पुस्तकांत समुद्राइतकेच संसाराचे चित्र आहे. उन्हाळ्यात पुरुष दुकानाच्या मागच्या खोलीत साहित्यावर वाद घालत बसलेले आणि क्लिफ्ट चुलीपाशी, धुण्यापाशी, अंगावरच्या मुलापाशी. कालिम्नोसच्या बायकांकडे पाहून जी सहानुभूती तिला वाटली होती तीच वेळ हायड्रावर तिच्यावर आली. फरक इतकाच की तिचा नवरा समुद्रावर गेलेला नव्हता, तो घरातच पण टाइपरायटरपाशी होता.

जॉन्स्टनला क्षय झाला. आजारपणात त्याने 'माय ब्रदर जॅक' (१९६४) ही कादंबरी लिहिली. ऑस्ट्रेलियन साहित्यात तिचे स्थान मोठे आहे. ती लिहिली जात असताना क्लिफ्ट महिनोन्महिने त्याच्याजवळ पायरीवर बसून आठवणी जागवत होती, मजकुरावर चर्चा करत होती. तिचे स्वतःचे लेखन त्या काळात मागे पडले. १९६४ साली कुटुंब ऑस्ट्रेलियाला परतले. क्लिफ्टने 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'मध्ये साप्ताहिक सदर सुरू केले आणि ते फार वाचले गेले. १९६७ साली ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तिने त्याविरुद्ध आवाज उठवला. ज्या देशाने आपल्याला दहा वर्षे सांभाळले त्याच्या लोकांवर संकट आले असता गप्प न बसणे, ही पाहुणेपणाची परतफेड तिने केली.

जॉन्स्टनने मात्र पुढच्या 'क्लीन स्ट्रॉ फॉर नथिंग' (१९६९) या कादंबरीत बेटावरच्या त्यांच्या संसाराची चिरफाड केली. नायकाच्या पत्नीच्या व्यक्तिरेखेत वाचकांना क्लिफ्ट ओळखू येणार होती. ती कादंबरी बाहेर येण्याच्या थोडे आधी, ८ जुलै १९६९ रोजी, क्लिफ्टने आत्महत्या केली. तेव्हा ती ४५ वर्षांची होती. एका कादंबरीला एका मृत्यूचे कारण ठरवणे अन्यायाचे होईल. दारू, आजार, पैशाची ओढाताण अशी कितीतरी कारणे त्यामागे होती. जॉन्स्टनही पुढच्याच वर्षी गेला. पण साहित्याचा अभ्यासक म्हणून एक नोंद करावी लागते. जॉन्स्टनच्या दोन्ही कादंबऱ्यांना माइल्स फ्रँकलिन हा ऑस्ट्रेलियाचा मानाचा पुरस्कार मिळाला. क्लिफ्टची दोन पुस्तके मात्र 'प्रवासवर्णने' म्हणून बाजूच्या कपाटात गेली. नादिया व्हीटली यांनी २००१ साली तिचे सविस्तर चरित्र लिहिले आणि तिची अपुरी कादंबरी त्यांच्याच संपादनाखाली २०२४ साली प्रकाशात आली. एका लेखिकेला तिच्या नवऱ्याच्या पात्रातून बाहेर येण्यास अर्धे शतक लागले.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही नाही. 'अपूर्वाई' वाचताना सुनीताबाई आपल्याला लेखकाची सोबतीण म्हणून भेटतात आणि आपण हसतो. १९९० साली 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा त्याच संसाराची दुसरी बाजू सुनीताबाईंच्या लेखणीतून आली आणि पुष्कळ वाचक अस्वस्थ झाले. जोडपे एकत्र प्रवास करते म्हणजे दोघांचा प्रवास एक असतो, ही समजूत दोन्हीकडे मोडली.

समोरचा किनारा

कालिम्नोसच्या शेजारी कोस हे बेट आहे. कोसपासून तुर्कस्तानच्या बोद्रुम द्वीपकल्पाचे अंतर अवघे चारेक किलोमीटर. ही बेटे १९१२ पर्यंत उस्मानी साम्राज्यात होती, मग इटलीच्या ताब्यात गेली आणि १९४८ साली ग्रीसला जोडली गेली. १९२३ च्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. क्रीट बेटावरचे अनेक मुसलमान त्यात उठून बोद्रुमला आले. ते ग्रीक बोलत, पण त्यांचा धर्म इस्लाम म्हणून त्यांना 'आपल्या' देशात पाठवले गेले. फाळणी आपण १९४७ साली पाहिली, एजियनच्या काठाने ती २४ वर्षे आधी पाहिली. बोद्रुमचे लोकही मासे मारत आणि स्पंज काढत. त्यांनाही तोच वायू पांगळे करत होता.

क्लिफ्टच्या पुस्तकाचा विषय हा किनारा नाही आणि प्रत्येक पुस्तकाने सर्व काही सांगावे अशी अपेक्षाही नाही. मात्र वाचकाने या किनाऱ्यावरचा लेखकही वाचावा. जेवात शाकिर कबाआचली (मृत्यू १९७३) हा ऑक्सफर्डला शिकलेला, इस्तंबूलच्या उमराव घराण्यातला माणूस. लष्करातून पळालेल्या शिपायांना दिलेल्या देहदंडाविषयी लिहिलेल्या एका कथेमुळे १९२५ साली त्याला बोद्रुमला हद्दपार करण्यात आले. शिक्षा म्हणून ज्या गावात टाकले त्या गावाच्या तो प्रेमात पडला. शिक्षा संपल्यावर तो आपण होऊन परत आला आणि कोळी, पाणबुडे, नावाडी यांच्या कथा लिहू लागला. बोद्रुमचे प्राचीन नाव हालिकार्नासस. प्रवास करून इतिहास लिहिणाऱ्या हिरोडोटसचा जन्म तिथलाच. या लेखकाने टोपणनाव घेतले 'हालिकार्नास बालिकचिसी', म्हणजे हालिकार्नासचा कोळी. 'मावी सुर्गुन' (१९६१), म्हणजे 'निळी हद्दपारी', हे त्याचे आत्मकथन. गावात त्याने परदेशी झाडांची रोपे आणून लावली. मुलांच्या शिक्षणासाठी शेवटी त्याला इझमीरला जावे लागले. कालिम्नोसची माणसे तरी काय, बोद्रुमची माणसे तरी काय, गावावर कितीही जीव असला तरी शाळेसाठी आणि पोटासाठी गाव सोडावेच लागते.

क्लिफ्ट आणि हा हद्दपार लेखक यांत एक मोठा फरक आहे. ती आपल्या मर्जीने आली, त्याला शिपायांनी आणून सोडले. ती दहा वर्षांनी परत जाऊ शकली, त्याने गावालाच आपले केले. त्याच्या लेखनातही समुद्राचे अतिरेकी कौतुक आहे आणि कोळ्याला देवत्व देण्याची खोड आहे. तरीही गावाशी त्याचे नाते पाहुण्याचे राहत नाही. आणि नियतीचा खेळ पाहा, मित्रांबरोबर त्याने साध्या होडीतून केलेल्या सफरींना 'निळी सफर' हे नाव पडले आणि पुढे त्याच नावाने बोद्रुमला श्रीमंत पर्यटकांचा मोठा धंदा उभा राहिला. हायड्राचे जे झाले तेच बोद्रुमचे झाले. गावावरचे प्रेमसुद्धा बाजारात जाते.

याच पाण्यात २ सप्टेंबर २०१५ रोजी बोद्रुमहून कोसकडे निघालेली एक लहान बोट उलटली आणि एका सीरियन बालकाचे प्रेत बोद्रुमच्या वाळूत आढळले. ते छायाचित्र सगळ्या जगाने पाहिले. क्लिफ्ट आणि जॉन्स्टन मुलांना घेऊन या बेटांवर उतरले तेव्हा गाव त्यांना पाहायला धक्क्यावर आले होते. साठ वर्षांनी दुसरी एक आई आणि दुसरा एक बाप मुलांना घेऊन त्याच बेटांकडे निघाले तेव्हा त्यांना रात्रीच्या अंधारात, दलालाला पैसे देऊन निघावे लागले. दोन्ही कुटुंबांना समुद्रकाठचे एक छोटे गावच गाठायचे होते. पहिल्या कुटुंबाची पुस्तके झाली. आता प्रवासवर्णन वाचणाऱ्याने दुसऱ्या कुटुंबाला विसरून पहिले वाचू नये, असे मला वाटते.

आपल्या किनाऱ्याची पुस्तके

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारेल. कोकणच्या किनाऱ्यावरील मुस्लिम मोहल्ल्यांचा इतिहास हा निघून जाणाऱ्या पुरुषांचा इतिहास आहे. कोणी मुंबई बंदरातून जहाजावर खलाशी, तांडेल, सारंग म्हणून गेले, कोणी आफ्रिकेत केपटाउनपर्यंत पोचले, आणि १९७० नंतर घरोघरची मुले आखाती देशांत गेली. कालिम्नोसच्या बोटी सहा महिन्यांनी येत, आपल्याकडचा माणूस दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर येतो. त्याच्या ड्राफ्टवर घर उभे राहते आणि त्या घरात आई, बायको आणि मुले त्याची वाट पाहतात. कालिम्नोसच्या बाईविषयी वाचताना हर्णै, बाणकोट किंवा दाभोळच्या बाईची आठवण होणे स्वाभाविक आहे.

आज त्याच किनाऱ्यावर पर्यटक येतात. त्यांच्या मुक्कामासाठी घरगुती खोल्या झाल्या, समुद्राकडे तोंड करून बाके लागली. कोकणच्या प्रवासावर लेखही भरपूर लिहिले जातात. मासळीची चव, माडांची रांग, किल्ला आणि सूर्यास्त यांच्या पुढे ते बहुधा जात नाहीत. मोहल्ल्यातल्या बंद घरांना कुलूप का आहे, आत राहिलेल्या म्हातारीचा मुलगा कुठे आहे, हे विचारायला पर्यटकाला सवड नसते. तो दोन दिवसांचा पाहुणा असतो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही.

राग करण्यापेक्षा लिहिणे बरे. क्लिफ्ट आठ-नऊ महिने कालिम्नोसवर राहिली आणि एवढ्या अवधीत तिने मागे राहणाऱ्या बायकांचे श्रम ओळखले. परकी बाई इतके ओळखू शकते, तर त्या घरात जन्मलेली मुलगी किती लिहू शकेल? तिला दुभाषा लागणार नाही. चुलीपाशी बसायला परवानगी लागणार नाही. उचल म्हणजे काय आणि वाट पाहणे म्हणजे काय, हे तिने आईच्या चेहऱ्यावर वाचलेले असेल. तिच्या लेखनात निळा समुद्र कदाचित कमी येईल, कारण रोज पाहिलेल्या समुद्राचे वर्णन करण्याची घाई कोणाला नसते. पण समुद्राने कोणाला नेले, कोणाला परत आणले आणि दरम्यान घरात काय झाले, याचा हिशेब तीच देऊ शकेल.

'मर्मेड सिंगिंग' आणि 'पील मी अ लोटस' ही पुस्तके मराठीत यायला हवीत, आणि बोद्रुमच्या कोळ्याचे आत्मकथनही. पहिल्या दोन पुस्तकांतून आपल्याला पाहुण्याची नजर कळेल, तिसऱ्यातून पाहुणा गावकरी कसा होतो ते कळेल. गावकरणीची नजर मात्र भाषांतराने येणार नाही. ती आपल्याच लेखिकांना लिहावी लागेल, आणि आपल्या वार्षिकांनी त्यासाठी पाने राखून ठेवावी लागतील.